मनगटानं गप बसावं

काशीदादांना पहिल्यांदा भेटणारा माणूस हमखास दचकायचा. नमस्काराला हात जोडायच्या आत ते त्याचं उजवं मनगट पकडायचे आणि दाराचं बिजागर तपासावं तसं खाली-वर वाकवून बघायचे. मग निकाल द्यायचे. मला म्हणाले, "लय बोलतंय तुमचं मनगट, मास्तर."

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी भिवंडीत नवा शाळामास्तर होतो. दादांच्या पडवीलगतची खोली मला भाड्याने मिळाली होती. समोर त्यांचं भातशेत, शेताच्या कडेला खळं, आणि पलीकडे यंत्रमागांची पत्र्याची शेड, अखंड खडखडणारी. आता तिथे गोदाम आहे. तिकडून गेलो की मी अजून खळ्याची जागा शोधतो.

दादा तरुणपणी मुंबईत साहेबलोकांच्या गोल्फच्या मैदानावर काठ्यांची पिशवी वाहायचे. एका साहेबाने विलायतेला परतताना त्यांना लोखंडी तोंडाची एक जुनी काठी आणि थोडे चेंडू दिले. दुसऱ्या कुणी त्या काठीने गुरं हाकली असती. दादा गावी येऊन गोल्फ खेळू लागले. लांब फटक्याची सोय नव्हती, चेंडू थेट शेडवर गेला असता. म्हणून जन्मभर ते एकच छोटा फटका खेळले. बांधावरून चेंडू अलगद उडवायचा, खळ्यावर टाकायचा आणि मधल्या खांबापर्यंत घरंगळत न्यायचा.

"चेंडू उचलाया जायाचं न्हाय," ते सांगायचे. "काठीचं तोंड तिरपं हाय, तेच उचलतं. हातानं फुडं न्यावं, मनगटानं गप बसावं."

मी एकदा प्रयत्न केला. चेंडू वर जावा म्हणून शेवटी मनगटाला हळूच झटका दिला, तर तो जमिनीसरपट सुटला आणि शेडच्या पत्र्यावर ठाणकन आदळला. आतून एक विणकर चेंडू घेऊन आला.

"दादा, गेंद फिर आ गई."

"मास्तर की कलाई बीच में बोली," दादा म्हणाले.

चहा ओतणारा असो की तिकीट फाडणारा कंडक्टर, दादांची नजर मनगटावर. बायकोशी, म्हणजे आमच्या वहिनींशी, तर दरवर्षीचं भांडण. भात कापून झालं की त्या खळं शेणाने सारवायच्या. गोल गोल, सुरेख, आणि सगळी करामत मनगटाची. दादा बांधावरून ओरडायचे, "आगं, किती फिरवतंस त्याला?" वहिनी मान वर न करता म्हणायच्या, "मंग तुमच्या काठीनं सारवा." भात खळ्यावर येईपर्यंतचे चार दिवस त्या जमिनीवर दादांचे चेंडू पडायचे. वहिनी कुरकुर करायच्या, आणि पुढच्या वर्षी खळं आणखी गुळगुळीत सारवायच्या.

एका पावसाळ्यात वहिनींच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण उजवं मनगट लुळं पडलं. दादा त्यांना एसटीने वज्रेश्वरीला नेत, कुंडातल्या गरम पाण्यात हात शेकवत. उपयोग झाला नाही. त्या दिवसांत दादांनी कुणाचंच मनगट धरलं नाही. मला फार चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

भात कापलं गेलं. शेजारणी सारवायला आल्या, त्यांना वहिनींनी परत पाठवलं. "माज्या खळ्याला दुसरीचा हात नको." मग स्वतःच शेणाच्या पाटीपाशी बसल्या, हात जमिनीवर टेकला आणि तो फिरेना तेव्हा रडू लागल्या. कापलेलं भात शेतात पडलेलं, खळं कोरडं, आणि दादा बांधावर नुसते उभे.

ते खाली उतरले. भर दिवसा, शेडमधले विणकर बघत असताना, बायकोच्या मागे उकिडवे बसले आणि तिच्या कोपराखाली हात धरला.

"मनगटाला काय सांगू नको. गप हाय, गप ऱ्हाऊ दे त्याला. खांद्यापासनं ने. माज्यासंगं."

पहिला पट्टा वाकडा गेला. दुसराही. उन्हं उतरली तेव्हा खळं सारवून झालं होतं.

"जल्मभर वरडत व्हतात," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "जालं तुमच्या मनासारकं."

त्या हसल्या. दादांना काही हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खळं वाळलं. गोल नक्षी नव्हती, लांबच लांब जाड पट्टे होते, काही एकमेकांवर चढलेले. दादा काठी घेऊन बांधावर उभे होते, चेंडू पायाशी. बराच वेळ झाला तरी मारेनात.

"मारा की, दादा," मी म्हटलं.

"नको. तिच्या रेघा मोडतील."

त्यांनी चेंडू खिशात टाकला. मग सवयीने माझं मनगट पकडलं. त्या दिवशी वाकवून पाहिलं नाही. नुसतं धरून खळ्याकडे बघत उभे राहिले.