निमकर मॅडमचा नकार

स्वतः लिहिलेला लेख स्वतःच तपासून, स्वतःच नाकारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. निमकर मॅडम. आणि नाकारल्यावर भडकल्या कोणावर? माझ्यावर!

आमचं कॉलेज नवीन पनवेलचं. कॉलेजची संशोधनपत्रिका मॅडम वर्षानुवर्षं छापून काढत होत्या. भूगोलाच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्या, तरी संपादकपद त्यांच्याकडेच राहिलं. दोन हजार सतरा-अठराच्या सुमारास वरून फर्मान निघालं, की पत्रिका ऑनलाइन हवी. मी कॉम्प्युटर शिकवतो, एवढ्या गुन्ह्याबद्दल ते सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं. त्यासाठी माझा एकही तास कमी केला गेला नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला भूमिका वाटून द्यायच्या असतात. लेखकाने लेख पाठवायचा, परीक्षकाने तपासायचा, विभाग संपादकाने आपल्या विषयाचे लेख बघायचे, मुख्य संपादकाने सगळ्यांवर नजर ठेवायची. कोणाला कोणतं बटण दाबता यावं, ते मी टिक करून ठरवायचं. मॅडमना मी मुख्य संपादक केलं. दुसऱ्याच दिवशी फोन.

"अभिजित, सेटिंगचं पान उघडत नाही. 'आपल्याला परवानगी नाही' म्हणतंय. हा कोण टिकोजी मला परवानगी देणारा?"

"मॅडम, ते मशीन आहे."

"मग मशीनला सांग, निमकर बोलतायत!"

प्रत्येक पानावर त्यांना एक नवा टिकोजी भेटायचा. शेवटी वैतागून मी त्यांना होत्या नव्हत्या त्या सगळ्या भूमिका देऊन टाकल्या. मॅडमनी लगेच परीक्षा घेतली. लेखिका म्हणून स्वतःचा एक जुना लेख पाठवला, परीक्षक म्हणून 'लेखिकेने गृहपाठ केलेला नाही' असा शेरा मारला आणि संपादक म्हणून नकाराचं बटण दाबलं. क्षणात त्यांनाच मेल: 'प्रिय लेखक, आपला लेख प्रकाशनास योग्य नाही. कळावे.'

तो मेल छापून घेऊन त्या स्टाफरूममध्ये आल्या.

"कळावे? काय कळावं? माणसाने जीव ओतून लिहायचं आणि ह्याचं आपलं 'कळावे'!"

"मॅडम, बटण तुम्हीच दाबलंत."

"बटण मी दाबलं. पण असं बोलले नव्हते मी!"

आणि तिथल्या तिथे हुकूम सुटला: सगळ्या विभाग संपादकांचा नकाराचा हक्क काढून घे. नाकारायचं ते फक्त मी.

आता कॉमर्सचे विभाग संपादक डॉ. सावंत भडकले. त्याच सकाळी लेखांचा अख्खा गठ्ठा नाकारून ते मोकळे झाले होते. "ही काय हुकूमशाही आहे? मला साधं 'नाही' म्हणायची सोय नाही?" मला त्यांचं शंभर टक्के पटत होतं. पण हाल माझे! मॅडमचा फोन आला की टिक काढायची, सावंत आले की परत लावायची. शेवटी प्राचार्य म्हणाले, "सावंतांचे हक्क परत द्या. आणि मॅडमना तुम्हीच जाऊन सांगा." मीच! प्राचार्यांच्या टेबलावर फोन नव्हता जणू.

रविवारी खांदा कॉलनीत त्यांच्या घरी गेलो. चार खडे बोल स्कूटरवर पाठ करत गेलो होतो. दार उघडंच होतं. मॅडम एकट्याच राहतात हे ठाऊक होतं, पण टेबलाशी एक पस्तिशीचा गृहस्थ बसला होता, पुढ्यात थालीपीठ आणि लेखाचे कागद. हा दिनेश. मोरा बंदरावरच्या मच्छीमार घरातला, उरणकडच्या शाळेत मास्तर. खाडीतल्या मासेमारीच्या धंद्यावरचा त्याचा लेख सावंतांच्या त्या गठ्ठ्यात गेला होता. मॅडमनी फोन करून त्याला बोलावून घेतलं होतं.

"इथे तू म्हणतोस, मासळी कमी झाली. कशावरून?"

"बाई, सगल्यांना ठावं हाय. आमचा बा सांगतो."

"मग बाबांनी काय सांगितलं ते लिही ना! कोणाला विचारलंस, काय विचारलंस. ते नाही, म्हणून लेख घेतलेला नाही. असाच छापला तर कोणीही उठून तुला खोटं पाडेल."

दिनेशने कागद गोळा केले. "मंजे परत लिवू?"

"मग काय! आधी ते थालीपीठ खा, गार होतंय."

लेख नाकारला गेलेला माणूस हसत जिना उतरताना मी पहिल्यांदाच पाहिला. पाठ केलेले खडे बोल बाजूला ठेवून मी विचारलं,

"मॅडम, नाकारलेल्या सगळ्यांना घरी बोलावता?"

"येतील त्यांना. लांबच्यांना फोन." ताटली उचलता उचलता त्या म्हणाल्या, "सावंत हुशार आहे रे. पण त्याला घाई असते. 'नाही' म्हणायला वेळ लागतो."

मी लॅपटॉप उघडला. विभाग संपादकाला निर्णयाऐवजी फक्त शिफारस करता येईल, अशी एक टिक त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ती लावली. निर्णय मॅडमचा, शिफारस सावंतांची. (सावंतांना पुढे हा शब्द इतका आवडला, की ते चहासुद्धा 'शिफारस' करू लागले.)

मॅडमनी मला दुसऱ्यांदा चहा दिला. नको म्हणालो तरी दिला. मग निघायला उठलो, तेव्हा विचारलं, "तुझा लेख कधी आला नाही रे पत्रिकेत?"

"मी कुठला लिहितोय, मॅडम!"

"लिही ना काहीतरी," दिनेशची खुर्ची टेबलाखाली सरकवत त्या म्हणाल्या. "वाईट असला तरी चालेल."