छत्रीवाला मोठ्या राणीचाच

"मोठीच्या पेजेत धाकटीच्या माणसानं कायतरी कालवल्यान," तावडेकाका लिफ्टमध्ये शिरता शिरता मला म्हणाले. "वाचली थोडक्यात. आणि खोताला अजून पत्ता नाही!"

लिफ्टमध्ये शहाभाभी होत्या. सहाव्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या, भाजीची पिशवी हातात. त्यांचा चेहरा उतरला. "अरे, पुलिस में कंप्लेंट किया के नहीं?"

"पुलिस पाटील तो उसकेच खिसे में है," काकांनी गंभीरपणे सांगितलं आणि चौथ्या मजल्यावर उतरून गेले.

संध्याकाळी शहाभाभी थेपल्यांचा डबा घेऊन काकांच्या दारात. मोठीबेनची तब्येत आता कशी आहे, विचारायला. काकांनी थेपले ठेवून घेतले, भाभींना सोफ्यावर बसवलं आणि सगळी हकीकत सांगितली. मोठी म्हणजे थोरली राणी, धाकटी म्हणजे दुसरी राणी, खोत म्हणजे बादशहा, आणि हे सगळं एका जपानी मालिकेतलं. भाभी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. लिफ्टमध्ये मी हसत होते, हे त्यांना नंतर आठवलं असावं.

आमच्या मुलुंडच्या इमारतीत असे घोटाळे नवे नाहीत. तावडेकाका माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून. औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात सुपरवायझर होते, आता निवृत्त. बायको, म्हणजे कुंदाकाकू, सहा वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी कॅनडात. काका शहरी मराठी बोलतात, पण जीव गुंतला की मालवणीवर घसरतात, आणि राजवाड्याविषयी बोलताना त्यांचा जीव कायमच गुंतलेला असतो.

मालिका कसली? एका राजवाड्यात दिवे लावणारी एक पोरगी आहे. कुठल्या दालनात रात्री तेल जास्त जळलं, यावरून ती माणसांची लफडी आणि खून हुडकून काढते. वाड्यात कोणीच दिसतो तो नाही. दासी असते ती राजकन्या निघते, वैद्य असतो तो हेर निघतो. आणि एक देखणा दरबारी आहे, जो घरातसुद्धा छत्री उघडून चालतो. मी एकदा 'कार्टून' म्हटलं तर काका म्हणाले, "कार्टून पोरांचा. ह्या अ‍ॅनिमे आसा." जपानी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी सगळ्या राजवाड्याचं मालवणी बारसं करून टाकलं. दिवेवाली सुमन, बादशहा खोत, पहारेकऱ्यांचा नायक पोलीस पाटील. दरबारी मात्र छत्रीवालाच राहिला.

हे वेड त्यांना लावलं सईनं. सई म्हणजे त्यांच्या पुतण्याची, राजनची मुलगी, राहायला पवईला. मे महिन्याच्या सुट्टीत इथे आली, टीव्हीवर मालिका लावून दिली, आणि शाळा सुरू झाल्यावर निघून गेली. मागे राहिले काका आणि दर शनिवारी येणारा नवा भाग. त्यांना एकट्यानं बघवत नाही, म्हणून माझी शनिवार संध्याकाळ त्यांच्या सोफ्यावर जाते. मी बँकेत नोकरी करते, मला शनिवारी झोपायचं असतं. पण काका बटाट्याची भजी तळतात आणि वास भिंतीतून येतो, मग माझं काही चालत नाही.

हळूहळू त्यांना आमच्या इमारतीतही राजवाडा दिसू लागला. "वरचो चेहरो सोड. आत कोण आसा ता बघ," हे त्यांचं पालुपद. सेक्रेटरी कायम टोपी घालतो, म्हणजे हा बिल्डरचा लपवलेला जावई, असा निष्कर्ष त्यांनी छातीठोकपणे काढला. निघालं काय, तर साहेबांनी डोक्यावर नवे केस लावून घेतले होते. काकांनी हार मानली नाही. "म्हणजे लपवीत होतोच ना कायतरी?"

एकदा मात्र ते बरोबर निघाले, आणि तेव्हा मला त्यांच्याविषयी वेगळाच आदर वाटला. दुसऱ्या मजल्यावरच्या आणि पाचव्या मजल्यावरच्या कुटुंबांचं पार्किंगवरून हाडवैर. दोन्हीकडच्या पोरांनी गुपचूप कोर्टात लग्न केलं. बोभाटा झाला तेव्हा कळलं, काकांना ते कधीपासून ठाऊक होतं. पाचव्या मजल्यावरची आई रडत, ओरडत त्यांच्या दारात आली. "तुम्हाला माहीत होतं, तर बोलला का नाहीत?"

"माझं नव्हतं ते," काका एवढंच म्हणाले.

एरवी लिफ्टमध्ये राणीच्या पेजेची बातमी फोडणारा माणूस खऱ्या गुपिताच्या बाबतीत एवढा घट्ट कसा, याचं मला नवल वाटलं होतं.

फोनवर या मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, त्यातही काका शिरले. फोटोच्या जागी दिवेवालीचं चित्र, नाव 'राजवाडा मुलुंड'. तिथे ते लांबलचक तर्क लिहायचे आणि बहुतेक खरे ठरायचे. पोरं भारावली. एका रविवारी अंधेरीहून दोन कॉलेजच्या मुली आणि बोरिवलीचा एक मुलगा 'राजवाडा ताईं'ना भेटायला आले. दार उघडलं ते लेंगा-गंजिफ्रॉकातल्या माणसानं, हातात विळी. बांगडे कापायचे चालले होते. "यार, ही ताई नाही, आजोबा आहेत," बोरिवलीकर कुजबुजला. काकांनी तिघांना जेवू घातलं आणि जाताना बजावलं, "ग्रुपवर सांगू नका रे. तिथे मी बरी आहे."

पण एका बाबतीत मात्र हा हुशार माणूस अडेलतट्टू झाला. छत्रीवाला कोणाचा मुलगा, हा मालिकेचा मोठा प्रश्न. सगळा ग्रुप एकमुखानं सांगत होता की तो धाकट्या राणीचा, मोठीला वारस नव्हता म्हणून तिला दिलेला. पुरावेही तसेच येत होते. धाकटी त्याला बघून ताट अर्धं ठेवून उठते. त्याच्या दालनातला दिवा विझला की मगच तिचा विझतो. मलाही कळत होतं, आणि मी तर अर्ध्या भागांत डुलक्या काढते. काका मात्र ऐकायला तयार नाहीत.

"छत्रीवाला मोठीचाच," ते भांडायचे. "वाढवला कोणी? मोठीनं. संपला विषय."

"अहो काका, पण जन्म..."

"संपला म्हटलं ना!"

त्यांनी ग्रुपवर पोरांशी भांडण काढलं. कोणीतरी लिहिलं, 'राजवाडा ताई, यावेळी तुमची वाट लागणार.' काकांनी ग्रुप सोडला.

मग तो शनिवार आला. पडद्यावर म्हाताऱ्या दाईनं तोंड उघडलं. खोतानंच धाकटीच्या कुशीतलं पोर उचलून मोठीच्या ओटीत घातलं होतं. धाकटीच्या डोळ्यांतून एक थेंब आला, संगीत वाढलं, आणि काकांनी टीव्ही बंद केला.

मी भजं तोंडात धरून म्हटलं, "हरलात ना? द्या टाळी."

ते रिमोटकडे बघत होते. "राजन माझो झील," ते म्हणाले. झील म्हणजे मुलगा. मला वाटलं, मालिकेतलंच काही चाललंय.

"माझा आणि कुंदाचा," त्यांनी नीट शहरी मराठीत पुन्हा सांगितलं.

मोठ्या भावाला मूल नव्हतं. काकांना आधी मुलगी, मग राजन. गणपतीला सगळे गावी जमले असताना काकांच्या आईनं ठरवलं की हा मुलगा थोरल्याला द्यायचा. वहिनीची ओटी भरली, त्या ओटीत पाच महिन्यांचं पोर घातलं. मग देवळात नारळ ठेवून गावच्या मानकऱ्यानं गाऱ्हाणं घातलं, की या पोराला जन्माची गोष्ट कधी कळू नये, आणि घरातल्या कोणी तोंडातून काढू नये. देवासमोर सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हटलं. काकांनीही म्हटलं.

"आमका वाटला, दुसरो होयत," काका म्हणाले. "नाय झालो."

"आणि काकू? त्या काय म्हणाल्या?"

त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. "तिका कोणी विचारूकच नाय गो. मीच विचारूक नाय. तिनं पोराची टोपडी-दुपटी धुवून, घड्या घालून वहिनीकडे दिली. बस. मग जन्मभर त्यानं तिला काकू म्हटलं आणि तिनं ओ दिली."

मला काकांचा राग आला, आणि मी तो लपवला नाही. आपल्या बायकोला एवढंसुद्धा विचारलं नाहीत, म्हटलं. ते म्हणाले, "होय." तेवढ्यानं माझा राग गेला नाही. राजन घावण्यांसाठी पवईहून मुद्दाम यायचा आणि कुंदाकाकू त्याचं खाऊन होईपर्यंत तव्यापासून हलायच्या नाहीत, हे मी काकांकडून कितीदा ऐकलं होतं. तेव्हा मला वाटायचं, काय ही पुतण्याची कौतुकं!

भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनी, म्हणजे राजन जिला आई म्हणायचा ती, या दिवाळीनंतर गेली. देवळात 'होय म्हाराजा' म्हणणाऱ्यांपैकी उरले एकटे काका.

"मग आता सांगून टाका," मी म्हटलं. "देवाला मी समजावते."

ते हसले नाहीत. "पुढचा भाग शेवटचा आहे ना? त्यात सांगणार छत्रीवाल्याला. कसं सांगतात, तो काय करतो, ते बघतो. मग ठरवतो."

जपानी मालिका बघून हा माणूस आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ठरवणार होता. पण दुसरं विचारणार तरी कोणाला?

शेवटचा भाग झकास झाला. खोतानं मान खाली घालून सांगितलं, छत्रीवाल्यानं छत्री मिटली, धाकटीच्या पायांशी बसून तिला मिठी मारली, आणि दोघं पोटभर रडले. काका उठून उभे राहिले. "बघितलंस? रागावलो नाय तो! आवशीक मिठी मारल्यान!" लगेच त्यांनी राजनला फोन लावला, "उद्या जेवायला ये. एकटाच ये." मला म्हणाले, "तूही बस. माझी जीभ अडकली तर ढकल."

रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, सुरमई आणली, सोलकढी केली. सकाळपासून भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज येत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे तालीम चालली होती.

राजन आला. पन्नाशीकडे झुकलेला, शांत, थोडा थकलेला. जेवताना तो आपणहून आईविषयी बोलू लागला. घर रिकामं वाटतं म्हणाला. "आता वरचं कोणी राहिलं नाही, काका. तुम्हीच. तुम्ही मला बाबांसारखेच."

काकांनी ताटातला हात थांबवला. मी त्यांच्याकडे पाहिलं. आता, मला वाटलं. त्यांनीही श्वास घेतला, तोंड उघडलं.

"एक मात्र बरं झालं," राजन म्हणाला. "शेवटचे तीन दिवस मी आईजवळून हललो नाही. ऑफिसला सांगितलं, नोकरी ठेवा नाहीतर काढा. तिचा हात माझ्या हातात होता. आईला शेवटी मुलगा जवळ मिळाला, तेवढं एक समाधान आहे मला. नाहीतर जन्मभर बोचलं असतं."

मी टेबलाखालून काकांना पाय लावला. ढकल म्हणाले होते ना. त्यांनी पाय मागे घेतला.

"सुरमई घे," ते म्हणाले. "मधली तुकडी घे. काट्याची मला दे."

मग सईची शाळा, पवईचं ट्रॅफिक, असलं काही बोलणं झालं. निघताना राजन नेहमीप्रमाणे वाकून पाया पडला. काकांचा हात त्याच्या डोक्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला. लिफ्टचं दार लागेपर्यंत ते दारात उभे होते.

मी ताटं उचलत होते. रागानंच उचलत होते. "का नाही सांगितलंत? एवढी तयारी केलीत. देवाला घाबरलात?"

"देव खयचो?" ते खुर्चीत बसले. "त्याला सांगायचं म्हणजे अर्धं सांगून भागत नाही, बाय. त्या छत्रीवाल्याची आवस जिवंत होती. पायाशी बसायला होती. ह्येची..." त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "कुंदाक शेवटची घराबाहेर काढीत होते, तेव्हा राजन खाली लोकांका चहा वाटीत होतो."

मी नळ बंद केला. मी तेव्हा इमारतीत नवीन होते, कंपाउंडमध्ये लोकांत अवघडून उभी होते. ट्रे घेऊन एक माणूस पुढे आला, त्यानं मला कप दिला, साखर कमी आहे का विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला म्हटलं होतं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"पुतण्या," तो म्हणाला होता, आणि ट्रे घेऊन पुढच्या माणसाकडे गेला होता.