गढीची पाच पुस्तकं, मागून पुढं

आयुष्यात मी फार थोडे निर्णय घेतले. नोकरीत असताना ते स्टेशन मास्तर घ्यायचे आणि घरी भामाबाई. मी मुदखेड जंक्शनवर एकतीस वर्षं सांधेवाला होतो. सांगितलेला रुळांचा सांधा ओढायचा आणि हातातली झेंडी हलवायची, एवढंच माझं काम. साठी उलटल्यावर मी पहिल्यांदाच कुणाला न विचारता एक गोष्ट ठरवली, ती म्हणजे पाच पुस्तकं मागून पुढं वाचायची. त्यात गल्लीतल्या अकरा घरांचं पाणी गेलं.

लातूरचा जिल्हा होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलाची बदली नव्या कचेरीत झाली म्हणून आम्ही दोघं म्हातारी त्याच्यासोबत आलो. जिल्हा नवा झाला, पण पाऊस जुन्या जिल्ह्यातच राहिला, असं लोक म्हणायचे. विहिरी आटल्या होत्या. टँकर दुपारी कधीतरी कोपऱ्यावर यायचा, आणि त्याच्यासाठी सकाळपासून घागरींची लाईन लागायची.

त्यातच भामाबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिचा एक डोळा लहानपणी देवीत गेलेला. उरला होता तो हा एकच. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, सहा आठवडे तिला खाली वाकू द्यायचं नाही, ओझं उचलू द्यायचं नाही, आणि रडू तर अजिबात द्यायचं नाही. टाका बिघडला तर डोळा हातचा जाईल.

वाकणं आणि ओझं मी सांभाळलं असतं. पण भामाबाईचं रडणं म्हणजे दुष्काळातही न आटणारं पाणी. ती दुसऱ्याच्या लग्नात रडते. शेजारची शेळी विकली तेव्हा रडली. एकदा मुदखेडला फलाटावर एक अनोळखी बाई लेकीचा निरोप घेत होती, तर ही तिच्या गळ्यात पडून रडली. ती बाई गाडीत बसून निघून गेली, आणि लेकीची समजूत घालायचं सोडून लोक हिची समजूत घालत बसले.

पहिले चार दिवस ती भिंतीला टेकून नुसती बसली. नुसतं बसलं की तिला गेलेली माणसं आठवायची, आणि नाक सुरसुरायला लागायचं. आमची सून पंचशीला शाळेत बाई आहे. ती म्हणाली, "मामा, आत्याबाईंना काहीतरी वाचून दाखवा. मला दिवसभर शाळा. तुम्हाला वाचता येतं की."

मला वाचता येतं ते तिसरीपर्यंतचं. पुढचं मी स्टेशनांच्या पाट्यांवरून शिकलो. (त्यामुळे मोठी अक्षरं मला जास्त चांगली येतात, आणि पिवळ्यावर काळी असली तर फारच.) पण डोळ्याचा प्रश्न होता. मी सुनेचं कार्ड घेऊन वाचनालयात गेलो.

वाचनालयात वीरभद्र नावाचे गृहस्थ होते. ते प्रत्येक पुस्तकावरच्या शिक्क्यातलं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून शेजारी नव्या जिल्ह्याचा शिक्का मारत बसले होते. असे दोन हजार शिक्के मारायचे होते. मी म्हणालो, बाईमाणसाला आवडेल असं काहीतरी द्या. त्यांनी हातातला शिक्का न सोडता हनुवटीनं एक फळी दाखवली. तिथं एकाच रंगाची पाच जाड पुस्तकं होती.

"ही न्या. इंग्रजांच्या जुन्या गोष्टी आहेत. ह्या लेखकानं त्यांना फेटे बांधलेत अन् आपल्या गढीवर आणून बसवलंय. पण नंबरानंच वाचा, मामा. पाची मिळून एकच घराणं हाय." असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर पाचही नावं क्रमानं लिहून दिली.

ते पुन्हा शिक्के मारायला लागले आणि मी फळीपाशी बसून पुस्तकं चाळली. रेल्वेतल्या माणसाला एक सवय असते. गाडी स्टेशनातून गेली की तो इंजिनाकडे बघत नाही, शेवटच्या डब्यामागचा दिवा बघतो. दिवा दिसला तर गाडी अख्खी गेली. म्हणून मी पाचही पुस्तकांची शेवटची पानं वाचली.

पहिल्याच्या शेवटी केतकी नावाच्या मुलीचं सरदार जयसिंगरावाशी लग्न लागतं. दुसऱ्यात गैरसमज, आणि एक पत्र चुकीच्या माणसाच्या हाती. तिसऱ्यात सरदार लढाईवर जाऊन बेपत्ता. चौथ्यात तो सापडतो, म्हातारा होतो आणि मरतो. पाचव्यात केतकी आजी झालेली, भिंतीवर सरदाराचं हार घातलेलं चित्र, आणि अंगणात नातीचं लग्न.

नंबरानं वाचलं तर भामाबाई पहिल्या पुस्तकात जीव लावणार, आणि चौथ्यात डोळा जाणार.

आणि तिथंच मी तो निर्णय घेतला. मालगाडी उलट न्यायची असेल तर आम्ही काय करायचो? इंजिन ह्या टोकाचं सोडून त्या टोकाला लावायचो. डबे तेच, माल तोच, गाडी पोचायचीच. पाचवं पुस्तक आधी घेतलं तर सुरुवातीला लग्न, शेवटालाही लग्न. मधे माणूस मेला तरी पुढच्या आठवड्यात तो जिवंत होऊन घोड्यावर बसणार. रडायला जागाच राहत नव्हती. इतक्या साध्या गोष्टी शिकलेल्या माणसांच्या डोक्यात का येत नाहीत, असंही मला वाटून गेलं.

मी पाचवं पुस्तक टेबलावर ठेवलं. वीरभद्रांनी शिक्का खाली ठेवला.

"मामा, लग्नाआधी बारसं करता का?"

मी सांगितलं की सुनेची आधीची चार वाचून झालीत. पुढच्या आठवड्यात मी चौथं मागायला गेलो तेव्हा म्हणालो, तिला ते फिरून वाचायचंय. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. पण मी दारातून बाहेर पडताना ते शेजारच्या माणसाला म्हणाले की एवढी शिकलेली सून, अन् डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. (हे मी पंचशीलेला आजवर सांगितलेलं नाही.)

वाचन ओसरीवर चालायचं. बाया घागरी लाईनीत लावायच्या आणि टँकर येईपर्यंत आमच्याकडे सावलीला बसायच्या. कस्तुराबाई पहिल्या दिवशीच आली, दुसऱ्या दिवशी देगलूरकडची पार्वतम्मा आली, आठवड्यात अकरा जणी झाल्या. मी अक्षराखाली बोट ठेवून वाचायचो, आणि बोट पुढं सरकेपर्यंत सगळ्या थांबायच्या.

त्या पुस्तकांत पाऊस फार होता. केतकी माळावर गेली की पाऊस, देवळात गेली की पाऊस. भिजली की तिला ताप भरायचा आणि कुणीतरी घोड्यावरून औषध घेऊन यायचं. वीरभद्रांना विचारलं तर ते म्हणाले, मूळ गोष्टी विलायतेतल्या, तिकडं पाऊस रोजचाच. लेखकानं नावं बदलली, कपडे बदलले, पाऊस बदलायचा राहिला. बायांची काही तक्रार नव्हती. त्या पावसाची पानं दोन-दोनदा वाचायला लावायच्या. पार्वतम्मा तर डोळे मिटून ऐकायची, आणि पान संपलं की पदरानं कपाळ टिपायची.

उलट क्रमाची त्यांनी फार लवकर सवय करून घेतली. पहिल्या आठवड्यात केतकी सत्तर वर्षांची होती आणि सगळ्यांवर खेकसायची. दुसऱ्या आठवड्यात ती साठीची झाली, तिसऱ्यात चाळिशीची. कस्तुराबाई म्हणाली, "अशी पुस्तकं पायजेत. दर आठवड्याला बाई तरणी होऊन राहिली. न्हाई तर आपलं बघा."

चौथ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आलं. सरदार पलंगावर पडला, केतकीचा हात हातात घेतला, आणि गेला. मी पुस्तकाच्या कडेवरून भामाबाईकडे बघितलं. पट्टी कोरडी होती.

"गेला बिचारा," कस्तुराबाई म्हणाली. "वय झालतं."

"चित्राला हार घातलेला होताच की," भामाबाई म्हणाली आणि तिनं चहा टाकायला सांगितला.

त्या दिवशी मी फार खूश होतो. चहा टाकताना मी एकटाच हसत होतो. तिसरं पुस्तक निभावलं, दुसरं निभावलं. चुकीच्या माणसाच्या हाती पत्र पडलं तेव्हा कुणी घाबरलंच नाही. पुढं सगळं नीट होणार हे सगळ्यांना पाठ होतं. पाचव्या आठवड्यात मी पहिलं पुस्तक आणलं तेव्हा तर मी निर्धास्त होतो. ह्यात कुणी मरत नव्हतं, कुणाला साधा खोकलाही नव्हता. लग्नाचं शेवटचं प्रकरण मी शनिवारच्या दुपारी मुद्दाम मोठ्यानं वाचायला घेतलं.

केतकी अठरा वर्षांची. जयसिंगराव बावीसचा. सनई, मांडव, आणि अर्थातच पावसाची एक सर. पाहुणे उठून गेल्यावर तो तिला म्हणतो, "घाई कशाची? आपल्याकडे पुष्कळ दिवस आहेत."

मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. तेवढ्यात पार्वतम्मानं नाक ओढलं. मी वर बघितलं तर कस्तुराबाईनं तोंडाला पदर लावलेला.

"काय झालं?" मी विचारलं. "लग्न हाय हे."

"त्या पोरीला काहीच ठाऊक न्हाई, मामा," कस्तुराबाई म्हणाली. "अन् आपल्याला समदं ठाऊक हाय."

तेवढ्यानं बांध फुटला. लढाई, ते पत्र, तो पलंग, हार घातलेलं चित्र, चार आठवडे ज्या गोष्टींवर कुणी टिपूस गाळलं नव्हतं, त्या सगळ्यांचं रडणं त्या लग्नात आलं. अकरा बाया रडत होत्या. आणि भामाबाईच्या पट्टीखालून एक थेंब निघून गालावरून हनुवटीपर्यंत आला, आणि त्याच्या मागून दुसरा.

मी पुस्तक टाकून तिच्यापाशी गेलो. रडू नको म्हणालो, डोळ्याची शपथ घातली, शेवटी हे सगळं खोटं आहे असंही सांगितलं. त्यावर बाया जास्तच रडल्या. ह्या गडबडीत कोपऱ्यावर टँकर आला, त्यानं दोनदा हॉर्न वाजवला, आणि आमच्या ओसरीवर तो कुणालाच ऐकू आला नाही. मागच्या गल्लीच्या बायांनी आमच्या घागरी उचलून नीट एका बाजूला ठेवल्या (लाईन मोडली नाही, हे त्यांचं मोठेपण) आणि टँकर रिकामा करून घेतला.

ओल्या डोळ्यांच्या अकरा बाया कोरड्या घागरी घेऊन परत आल्या. त्यांनी मला जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. संध्याकाळी मागच्या गल्लीनं घरटी अर्धी घागर पाणी पाठवलं, पण अट घातली की पुढचं पुस्तक सुरू झालं की त्यांनाही बसायला जागा ठेवायची.

माझं लक्ष त्यात नव्हतं. डोळा दुखतो का असं भामाबाईला विचारलं तर न्हाई म्हणाली. सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. रिक्षात मी तिचा हात धरून बसलो होतो. एकच डोळा होता तिचा, आणि तो मी अक्कल लढवून घालवला, हेच माझ्या मनात चाललं होतं. वाटेत एकदा तिनंच माझ्या हातावर थोपटलं.

डॉक्टरांनी पट्टी काढली. बॅटरी मारून बघितलं, पापणी उलटून बघितलं. मग एक जाड काच तिच्या डोळ्यापुढं धरली आणि भिंतीकडे बोट केलं.

"काय दिसतं, आजी?"

"घड्याळ," ती म्हणाली. "त्याच्याखाली पाल. अन् तुमच्या सदऱ्याला वरचं बटन न्हाई."

डॉक्टरांनी बटणाच्या जागी हात नेला आणि म्हणाले, डोळा उत्तम आहे, टाका धरलाय. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पाच पुस्तकं, उलटा क्रम, मेलेल्याला जिवंत करायची युक्ती, आणि शेवटी लग्नातच कसा घात झाला. पुढचं माहीत असलं की सुखच जास्त रडवतं, हे मला आधी कळायला हवं होतं, असंही म्हणालो. डॉक्टर हात थांबवून ऐकत होते. आपण काहीतरी मोठं बोललो असं मलाही वाटलं.

"असं काय न्हाई, डाक्टरसाब," भामाबाई म्हणाली. "बाकीच्या त्याच्यासाठी रडल्या असतील. मी यांच्या वाचण्यानं रडले."

"म्हणजे?"

"हे एकेक अक्षर हुडकून वाचतात. सरदार म्हातारा होऊन पडला तवा तो आवाज बरोबर वाटला, माणूस आजारी हाय म्हणून. पर लग्नात बी त्योच आवाज. बावीस वर्षांचा गडी, अन् एक वाक्य बोलायला पाव तास लागतो. मला वाटलं, पोरगी फसली."

डॉक्टर हसले. नर्स हसली. बाहेर बाकड्यावर दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधलेला एक म्हातारा होता, तोही हसला.

घरी येताना तिनं पुढची व्यवस्था सांगून टाकली. पाचही पुस्तकं आता पहिल्यापासून, नंबरानं, आणि रविवारी पंचशीला वाचणार. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनंतर हवं तेवढं रडायची परवानगी दिली होती.

"अन् मी?" मी विचारलं.

"तुमी घागरींच्या लाईनीत उभं ऱ्हा," भामाबाई म्हणाली. "तितं हळूहळूच सरकायचं असतंय."