साधा सभासद

गोपाळ माळ्यावर पोचला तेव्हा सगळी पदे संपली होती.

उशीर व्हायला कारण घडले होते. आईने घराच्या धाब्यावर सांडगे वाळत घातले होते, त्यांच्यावर कावळ्यांचा डोळा होता, आणि कावळे उडून जाईपर्यंत गोपाळला राखणीला बसावे लागले. इकडे चाटी गल्लीत, सिद्धलिंगप्पाच्या वडिलांच्या कापडदुकानावरच्या माळ्यावर, 'सोलापूर विद्यापीठीय वाणिज्य विद्यार्थी मंडळ' स्थापन होऊन गेले. ते एकोणीसशे चौतीस सालचे वैशाखाचे दिवस होते. मुंबईच्या कॉलेजात बी. कॉम.चा अभ्यास करणारी सोलापूरकडची मुले सुट्टीला घरी आली होती. गोपाळ धरून ती नऊ होती.

मुलांनी मंडळ काढावे यात वाईट काही नाही. मंडळामुळे मुले वेळेवर यायला शिकतात, निदान उशीर झाल्यावर कारण द्यायला तरी शिकतात. पण या मंडळातल्या प्रत्येकाला पद हवे होते, आणि मने मोठी असल्यामुळे कोणी कोणाला नाही म्हणाले नव्हते. पदे पुरेनात तेव्हा ती नव्याने शोधावी लागली. मंडळाकडे एकही पुस्तक नसताना ग्रंथपाल नेमला गेला. पोहण्यापलीकडे कोणताही खेळ न येणारा मुलगा क्रीडाप्रमुख झाला. वकिलांचा नंदू अध्यक्ष झाला आणि माळ्यावरच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला. धान्याच्या अडत्याचा मुलगा रुद्रप्पा चिटणीस झाला. बाकीचे कापडाच्या गठ्ठ्यांवर बसले होते.

"तू साधा सभासद," नंदू गोपाळला म्हणाला.

"म्हणजे मी काय करायचं?"

"मंडळ म्हटल्यावर एक तरी सभासद नको का? तो तू."

घरी आई अनसूयाबाईंना ही वाटणी पटली नाही. आपण सांडग्यांना बसवले म्हणून पोराचे पद गेले, हे त्यांच्या जिवाला लागले. वडील गिरणीत कारकून होते. त्यांनी शांतपणे विचारले की साधा सभासद सभेत करतो काय. बसतो, असे गोपाळने सांगितले. "मग ते तुला जमेल," असे म्हणून ते हातपाय धुवायला गेले.

जमलेही असते. गोपाळचा स्वभावच एका बाजूला बसण्याचा होता. तो, नंदू आणि रुद्रप्पा बिगारीपासून एका बाकावर शिकले, आणि आता गिरगावातल्या चाळीत एका खोलीत राहत होते. तिथे नंदू आणि रुद्रप्पा रोज कशावरून तरी वाद घालत, दिवा मालवण्यावरूनसुद्धा. मधल्या अंथरुणावर गोपाळ असे. दोन्हीकडचे बोलणे त्याच्या अंगावरून जाई आणि त्यातच त्याला झोप लागे. त्या खोलीइतके सुखाचे ठिकाण जगात दुसरे नाही असे त्याचे मत होते, पण ते त्याने कोणाला सांगितले नव्हते.

गाडी अडली ती नियमांवर. मंडळाची घटना मुंबईच्या मोठ्या मंडळावरून जशीच्या तशी उतरवून आणली होती. त्यात एक शहाणा नियम होता: पदाधिकाऱ्यांनी आपले आपल्यालाच निवडून घेऊ नये, म्हणून मताचा हक्क फक्त साध्या सभासदांना. मुंबईला साधे सभासद शेकड्यांनी होते. इथे तोच नियम टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टाळ्या वाजवणाऱ्या हातांच्या आठ जोड्यांना आपण काय मंजूर करतो आहोत याची कल्पना नव्हती.

पहिल्या नेमणुका तात्पुरत्या होत्या. सुट्टी संपण्याआधी अध्यक्षाची रीतसर निवडणूक व्हायची होती, आणि निवडून येणारा अध्यक्ष पावसाळ्यात मुंबईच्या मोठ्या मंडळाच्या संमेलनात व्यासपीठावर बसणार होता. हे कळताच रुद्रप्पाने आपणही उभे राहणार असल्याचे जाहीर केले. नंदूने त्याचे अभिनंदन केले आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणे बंद केले.

मग मतदार कोण कोण याचा विचार सुरू झाला. एकेक नाव निघे आणि तो पदाधिकारी ठरे. शेवटी सगळ्यांच्या माना एका गठ्ठ्याकडे वळल्या. तिथे गोपाळ टेकून पेंगत होता.

"त्याला जरा वाऱ्याला घ्या," अध्यक्ष म्हणाले.

"पाणी आणा," चिटणीस म्हणाले.

उपाध्यक्ष सिद्धनाथ हा नातेपुत्याकडचा, रोखठोक बोलणारा. तो म्हणाला, "ह्यो नियमच बदला की. हाय काय त्यात?" पण घटना बदलायला साध्या सभासदांचे दोन तृतीयांश बहुमत लागत होते. एका गोपाळचे दोन तृतीयांश कसे काढावेत हे खजिनदार सिद्धलिंगप्पाने बराच वेळ पाटीवर करून पाहिले. शिवाय साध्या सभासदांपैकीच एकाने सूचना मांडायची आणि दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, असेही कलम होते. दुसरा आणायचा कुठून? नियम राहिला.

संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर रुद्रप्पाने गोपाळला गाठले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "हे बघ गोपाळ, तू नंदूला मत दिलंस तर माझा काही राग न्हाई. फक्त जूनमध्ये मी खोली दुसरी बघणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदू आला. त्यालाही राग येणार नव्हता. पण त्याच्या मावशीची दादरला जागा होती, आणि रुद्रप्पा निवडून आल्यास नंदूने तिथे राहावे असे मावशीच्या मनात फार दिवसांपासून होते.

गोपाळने हिशेब केला. मत कोणालाही दिले तरी खोली मोडणार होती. त्याने सभासदत्वाचा राजीनामा द्यायचे ठरवले आणि तसे माळ्यावर जाऊन सांगितलेही. रुद्रप्पाने घटना उघडली आणि दुःखाने मान हलवली. सभासदाचा राजीनामा साध्या सभासदांच्या सभेपुढे ठेवावा लागतो. तो मंजूर करावा अशी सूचना गोपाळला मांडता आली असती. अनुमोदन पुन्हा कोण देणार?

"म्हणजे मी मरेपर्यंत सभासद?"

"तू एकटाच आहेस तोवर," रुद्रप्पा म्हणाला.

मग गोपाळने केमला आत्याकडे जायचे ठरवले. पिशवी घेऊन तो स्टेशनात शिरतो तो दोन टोकांना दोन टांगे उभे. एकात नंदू, एकात रुद्रप्पा. कोणाच्या टांग्यातून परत यायचे यावर दोघांनी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो उन्हातून पायीच घरी आला. दोन्ही टांगे पावलापावलाने त्याच्या दोन बाजूंनी चालले होते. नव्या पेठेतले लोक दुकानातून बाहेर येऊन विचारू लागले की या पोराने केले तरी काय.

प्रचाराला ऊत आला. रुद्रप्पाच्या आईने, गुरम्माने, गोपाळला जेवायला बोलावले आणि शेंगांच्या पोळ्यांवर तूप ओतत प्रत्येक पोळीला "ऊट माडप्पा", जेव बाबा, म्हणून आणखी एक वाढली. तिला निवडणुकीचे काही ठाऊक नव्हते, पोर सुकले आहे एवढेच दिसत होते. नंदूच्या घरी त्याला आमरसाला बसवले. दोन्ही घरी जेवून आल्यावर आई ताटावर वाट पाहत असायची, आणि नको म्हटले की विचारायची, माझ्या हातचं आता गोड लागत नाही का रे?

जाहीर सभाही झाल्या. गोपाळला एका गठ्ठ्यावर बसवून समोरून व्याख्यान होई. 'सोलापूरच्या व्यापाराचे भवितव्य' या विषयावर नंदू दीड तास बोलला. अधूनमधून तो "येथे जमलेल्या तमाम मतदारांना" असे म्हणे आणि गोपाळ मान हलवी. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत अशी विनंती झाली. गोपाळने विचारले की आपण आता घरी जाऊ का. रुद्रप्पाच्या पक्षाने या प्रश्नाला टाळ्या वाजवल्या, आणि नंदूच्या पक्षाने गोपाळ फुटल्याची हाकाटी केली.

निवडणुकीचा दिवस आला. माळ्याच्या कोपऱ्यात नवे धोतर पडद्यासारखे बांधले होते. पडद्याआड स्टुलावर कुलूप घातलेली पेटी होती. अध्यक्ष या नात्याने नंदूने गंभीरपणे समजावले की मतदान गुप्त आहे आणि कोणी कोणाला मत दिले हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

"पण मी एकटाच आहे की रे," गोपाळ म्हणाला.

"असू दे. गुप्त म्हणजे गुप्त."

गोपाळ उठला. पडद्यापर्यंत चार पावले होती, तेवढ्यात त्याचे धोतर घामाने पायाला चिकटले. एका बाजूने नंदूचा श्वास ऐकू येत होता, दुसऱ्या बाजूने रुद्रप्पाचा. गिरगावात दिवा मालवल्यावर ऐकू येत, तसेच.

"थांबा," खजिनदार सिद्धलिंगप्पा म्हणाला. दोन तृतीयांशाच्या त्या पाटीमुळे त्याला विचार करायची सवय लागली होती. "मी खजिनदारपद सोडलं, तर मी कोण?"

पद सोडायला घटनेप्रमाणे उभे राहून तसे सांगणे पुरेसे होते. सिद्धलिंगप्पा उभा राहिला, त्याने तसे सांगितले आणि तो साधा सभासद झाला. तो रुद्रप्पाच्या बाजूचा होता. हे ध्यानात येताच नंदूच्या बाजूचा सिद्धनाथ ताडकन उठला.

"मग आमी काय बांगड्या भरल्यात? मी बी उपाध्यक्ष न्हाई. झालं."

त्यामागोमाग ग्रंथपालाने पुस्तकांचा त्याग केला. क्रीडाप्रमुख मोकळा झाला. हिशेबतपासनीस आणि सहचिटणीस एकाच वेळी उठले आणि आधी कोण यावरून थोडे भांडले. रुद्रप्पाने चिटणीसपद खाली ठेवले, कारण स्वतःचे मत स्वतःला मिळाले तर त्याची बाजू पुढे जात होती. तेव्हा नंदूलाही इलाज राहिला नाही. तो खुर्चीवरून उठला आणि खुर्चीकडे एकदा पाहून गठ्ठ्यावर जाऊन बसला.

आता मंडळात नऊ साधे सभासद होते आणि पदाधिकारी एकही नव्हता. माळ्यावर खुर्ची तेवढी रिकामी होती.

सभेला अध्यक्ष नसेल तर हजर असलेल्यांपैकी एकाने ती सभा संपेपर्यंत अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसावे, असा नियम निघाला. मात्र बसणाऱ्याचे मत जाणार होते. सगळे आपापल्या गठ्ठ्याला घट्ट धरून बसले. इतके दिवस ज्या खुर्चीसाठी दोन घरांत तूप वाहिले, तिच्याकडे कोणी पाहीना.

"मी बसतो," गोपाळ म्हणाला.

तो इतक्या मोठ्याने बोलल्याचे आजवर कोणी ऐकले नव्हते. सूचना आली. अनुमोदनही आले, कारण आता माणसांची वाण नव्हती. गोपाळ खुर्चीत बसला, पाठ टेकली, आणि डोक्यावरचे ओझे उतरलेल्या हमालासारखा त्याने श्वास सोडला. त्याचे मत गेले होते. आता काय व्हायचे ते त्यांचे त्यांनी करावे.

एकेक जण पडद्याआड जाऊन आला. पेटी उघडली. सिद्धलिंगप्पाने चिठ्ठ्या वाचल्या, दोन ढिगांत ठेवल्या आणि पुन्हा पुन्हा पाहिल्या. नंदूला चार. रुद्रप्पाला चार.

रुद्रप्पाने घटना उघडली. तो वाचू लागला. "मतं समसमान पडल्यास सभेच्या अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत द्यावं."

आठ माना खुर्चीकडे वळल्या. गोपाळने घटनेची प्रत मागून घेतली आणि ते वाक्य स्वतः वाचले. ते तसेच होते. त्याने नंदूकडे पाहिले. नंदूचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभा असताना होई तसा झाला होता. रुद्रप्पा नखे खात होता. बिगारीत मास्तरांनी प्रश्न विचारला की तो असाच नखे खायचा, आणि उत्तर नंदू खालच्या आवाजात सांगायचा.

गोपाळने पुढचे पान उलटले, मग त्याच्या पुढचे. पंख्याविना तापलेल्या त्या माळ्यावर कोणी हालले नाही. अध्यक्षांच्या अधिकारांवर येऊन तो थांबला. त्याने बोट ठेवून वाचले आणि प्रत मिटली.

"सभा तहकूब," तो म्हणाला.

"कधीपर्यंत?" नंदूने विचारले.

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. सगळ्यांनी खाली चला, फार उकडतंय."

खाली उतरल्यावर कोणाच्या तरी ध्यानात आले की सभा संपलेली नाही, म्हणून गोपाळ अध्यक्षच आहे. आणि दुसरा कोणताही पदाधिकारी नसल्यामुळे मुंबईच्या व्यासपीठावर बसायलाही तोच जाणार. अनसूयाबाईंनी ही बातमी ऐकून देवापुढे साखर ठेवली.

जूनमध्ये मुंबईच्या गाडीत तिघे एका बाकावर बसले. तिकिटे सुट्टीच्या आधीच ठरली होती तशी काढली होती, एवढेच. कुर्डुवाडीपर्यंत कोणी तोंड उघडले नाही. मग नंदू समोरच्या फळीकडे पाहत म्हणाला की काही माणसे दिसतात गरीब, पण पोटात फार असते. रुद्रप्पा म्हणाला की आपल्याला हे तळ्यावरच कळायला हवे होते. नंदू म्हणाला, तुला तळ्यावर कळलं असतं तर मला सांगायचं होतंस. रुद्रप्पा म्हणाला, बोलत होतास का तू? केम आले आणि गेले, तरी दोघांचे संपले नव्हते. आमरस, पोळ्या, टांगे, सगळे एकेक करून निघाले, आणि दोन्हीकडून गोपाळच्या अंगावरून जात राहिले.

"खोलीवर पोचू दे," शेवटी रुद्रप्पा म्हणाला. "मग आपण दोघं मिळून बघू याच्याकडे."

"बघूच," नंदू म्हणाला.

गोपाळ मध्ये बसला होता. त्याने डोळे मिटले, आणि त्याला झोप लागली.