अर्धा कप इंधन

हवाई गुप्तवार्ता खात्याच्या छायाचित्र विभागात भिंगवाल्या बाईंच्या हातून चहाचा कप कलंडला, तो नेमका शत्रूच्या विमानतळावर. म्हणजे त्याच्या फोटोवर. आदल्याच दिवशी एका वैमानिकाने जीव मुठीत धरून काढून आणलेला फोटो! बाईंनी चहा टिपला, 'दुसरी प्रत काढावी' अशी चिठ्ठी लावली आणि त्या डार्करूममध्ये सांगायला धावल्या.

परत येतात तो टेबल रिकामं. विभागप्रमुखांना घाई फार. चिठ्ठी टेबलाखाली पडलेली आणि फोटो साहेबांबरोबर वरच्या मजल्यावर.

वर त्या फोटोचा फोटो निघाला, मग त्याचाही मोठा फोटो. तिसऱ्या प्रतीत चहाच्या डागाचं जमिनीखालचं इंधनकोठार झालं होतं, आणि शेजारी रांगेत चाळीस कोरी करकरीत विमानं. दुपारपर्यंत हल्ल्याचा आदेश तयार. पहाटे बारा वैमानिक निघणार होते.

"साहेब, ते कोठार नाहीये हो!" बाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"बाई, अकरा वर्षं तुम्ही भिंग धरलंत. आता जरा आमचंही डोकं चालू द्या."

"अहो, पण तो—"

साहेब बैठकीच्या खोलीत शिरलेसुद्धा. बाईही मागोमाग शिरल्या. समोर हवाईदलाचे मोठे साहेब, एका बाजूला बारा वैमानिक आणि भिंतीवर हातभर मोठा डाग.

"हे कोठार खोल किती?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"तीस फूट तरी असेल, सर!" विभागप्रमुख छातीठोकपणे म्हणाले.

"अर्धा कप," मागून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. बाई हातातला फोटो घेऊन पुढे आल्या. "चहा आहे तो, सर. माझ्याच हातून सांडला."

कुणीतरी फिसकन हसलं. विभागप्रमुखांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

"चूक माझी," बाई म्हणाल्या, "पण ती निस्तरायला नवी प्रत काढली आणि तीन तास भिंगाखाली धरली. विमानंसुद्धा खोटी आहेत, सर."

"कशावरून?"

"पुसलेल्या फरशीवर आमच्या सासूबाईंना पाऊल दिसतं, तसं मला गवतावर दिसतं. खऱ्या विमानापाशी पेट्रोलची गाडी जाते, मेकॅनिक चार चकरा मारतो. इथं चाळीस विमानं आणि एक चाकोरी नाही! आणि ही कडेची झाडी बघा. तोफा आहेत त्यात. आपली पोरं यावीत म्हणून भातुकली मांडलीय."

मोठ्या साहेबांनी नवी प्रत बराच वेळ न्याहाळली. मग हल्ला थांबवला आणि टेहळणीला एकच विमान पाठवलं.

संध्याकाळी त्याचे फोटो आले. तिकडे दुपारी वावटळ सुटली होती. चार विमानं उताणी पडली होती, आणि एकालाही चाकं नव्हती!

बारा जणांच्या जल्लोषाने खिडक्या थरारल्या. तुकडीचा कप्तान बाईंजवळ आला. "आईला पत्र लिहून ठेवलं होतं, बाई. आता फाडतो," एवढंच तो म्हणाला. बाईंना एकदम फोटो धूसर दिसू लागले.

मोठ्या साहेबांनी जाता जाता विचारलं, "या विभागाचे प्रमुख कोण?"

विभागप्रमुखांनी अर्धवट हात वर केला.

"होतात," मोठे साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. "मॅडम, आत येऊ का?" माजी प्रमुख फाइल छातीशी धरून उभे होते.

"या ना, साहेब. पण तुमचा नंबर तेरावा," बाई भिंगातून नजर न काढता म्हणाल्या.

साहेबांनी वळून पाहिलं. भिंतीला टेकून बारा वैमानिक आपापले नकाशे घेऊन रांगेत बसले होते.