चेअरमनच्या हॉलची घासाई

दूध सोसायटीचे चेअरमन शहादेवराव यांनी हॉलमध्ये पांढरंशुभ्र मार्बल बसवलं, तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. रविवारी परळीचे पाहुणे पोरीला बघायला येणार होते. फरशी बसली, पण चमकेना. राजस्थानचा कारागीर म्हणाला, "घिसाई करनी पडेगी. पानी बहुत लगेगा."

पाणी म्हटल्यावर चेअरमननी आधी हॉलचं दार लोटून घेतलं. कारण दोनच महिन्यांपूर्वी ग्रामसभेत त्यांनीच टेबलावर मूठ आपटून ठराव करून घेतला होता. जो बांधकामाला पाणी वापरील, त्याच्या घराला मृगापर्यंत टँकरचं पाणी बंद आणि त्याचं नाव मारुतीच्या देवळापुढच्या फळ्यावर. टाळ्याही त्यांनाच पडल्या होत्या. आता त्याच फळ्यावर आपलं नाव लागलं, तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

"मग पाव्हण्यास्नी काय खडबडीत फरशीवर बसवता?" वत्सलाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

चेअरमननी तालुक्याला, वडवणीला फोन लावला आणि सोसायटीचे दुधाचे कॅन धुवायला म्हणून टँकर मागितला. दुसऱ्याच दिवशी तो वडवणीहून आला आणि मागच्या बाजूनं त्यांच्या हौदात रिकामा झाला. दारं-खिडक्या लावून मशीन सुरू झालं.

सगळ्याचा विचार केला होता, फक्त मोरीचा राहिला होता. घासल्या दगडाचं पांढरंफेक पाणी मोरीतून निघालं आणि उतारानं वाहत थेट लिंबाखाली गेलं. तिथं बाया रिकाम्या घागरींची रांग लावून टँकरची वाट बघत बसल्या होत्या.

पाच मिनिटांत केसरबाई दारात हजर. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, आणि कुणाच्या बापाला न भिणारी.

"शहादेवा, हे काय वाहायलंय मोरीतून?"

चेअरमनच्या तोंडातून निघून गेलं, "दूध, मावशी. उन्हानं नासलं."

"आन ही घरघर कशाची?"

"घुसळून बघायलोय. काही निघतंय का."

दुष्काळात नासलं दूध माफ होतं, पाणी नव्हतं. केसरबाईंचा चेहरा जरा निवळला. "नासलं तरी जनावराला चालतंय की. बायांनो, आणा गं घागरी!"

पहिली घागर भरली, दहावी भरली, तिसावी भरली. सगळ्या गावाचं दूध मिळून दिवसाला दोन घागरी होत नव्हतं, हे चेअरमनइतकं कुणाला ठाऊक? मशीन थांबवावं तर अर्धा हॉल तसाच, चालू ठेवावं तर घागरींची रांग हटेना. ते कपाळाला हात लावून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर सगळ्या बाया अंगणात. केसरबाईंनी एक घागर पुढं ठेवली. तळाला पांढरी भुकटी बसली होती आणि वर नितळ पाणी.

"म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं, तवाच कळलं मला," त्या म्हणाल्या.

चेअरमनना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं, मावशी. पाणीच हाय. कॅन धुवायला म्हणून टँकर मागितला, तो दुसऱ्याच दिशी आला. लिवा माझं नाव फळ्यावर."

"नाव लिवून घागर भरती व्हय? दोन वरसांत काल पहिल्यांदा गोधड्या धुतल्या आमी." म्हातारीनं घागर कडेला सरकवली. "माणसासाठी टँकर मागितला की पंधरा-पंधरा दिस येत न्हाई. फरशीसाठी एका दिसात आला. मग मागव टँकर आन फरशीच घास तू."

"किती दिस?"

"पाऊस पडंपर्यंत."

रविवारी पाहुणे आले. हॉलमध्ये मशीन चालूच होतं, म्हणून त्यांना बाहेर पत्र्याखाली सतरंजीवर बसवलं. मुलाचे वडील भगवानराव चहाचा कप घेऊन दारातून आत डोकावले. फरशीत छताचा पंखा दिसत होता.

"लई झाक! आजून किती काम राहिलंय?"

"काम बुधवारीच झालं," चेअरमन खाली मान घालून म्हणाले.

"मग हे मशीन कावून चालू हाय?"

चेअरमन उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मशीनची घरघर थांबली. कारागीर जेवायला उठला होता. मागोमाग मोरीकडून केसरबाईंची हाक आली, "शहादेवा, धार तुटली रे!"

चेअरमननी पाहुण्यांची परवानगी घेतली, कडक इस्त्रीचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला आणि आत जाऊन स्वतः मशीन धरलं.