टाकाऊ असल्याचा दाखला

कचरा आपोआप होत नाही. तो कुणीतरी करावा लागतो, आणि रीतसर केला तरच त्याला चारचौघांत मान मिळतो. हे सत्य कॉन्स्टंटाइन शहरातल्या खडकारोही लघुवाहन मंडळाने वेळीच ओळखलं, म्हणून त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

मंडळाचे सभासद अकरा, सगळे संसारी, बहुतेकांना रक्तदाब. शुक्रवारची नमाज आणि कुसकुसचं जेवण आटोपलं की ही मंडळी दरीतल्या खडकांपाशी जमून रिमोटवरच्या हातभर लांब गाड्या दगडांवर चढवतात. गाडी तासाला अर्धा किलोमीटर जाते (वर जाताना, खाली येताना वेग बराच सुधारतो). बाजारात या गाड्यांचे टायर मिळेनासे झाले, तेव्हा अध्यक्ष डॉक्टर बेनकारा, जे दातांचे डॉक्टर आहेत, यांनी ठराव मांडला : यापुढे टायर घरीच, टाकाऊ वस्तूंपासून बनवावेत. ठराव एकमताने मंजूर झाला. पृथ्वी वाचवायचं नंतर, चहाच्या वेळी ठरलं.

अकरावा सभासद झुबीर. बसस्थानकामागे चौतीस वर्षं पंक्चरचं दुकान चालवून, गुडघ्यांनी नकार दिल्यावर तो घरी बसला होता. तेव्हापासून त्याला कुणी काही विचारत नसे. बायको हूरिया तेवढं दिवसातून एकदा "पाय उचला" म्हणे, तेही फरशी पुसताना. ठराव ऐकून त्याच्या बोटांना मुंग्या आल्या. त्याने ट्रकची जुनी ट्यूब काढली, कापली, आत फाटक्या गादीचा स्पंज भरला, आणि एकेका टायरवर रबराचे बहात्तर बारीक ठोकळे ब्लेडने कापून सोल्यूशनने चिकटवले. अंगठ्याने दाबलं तर टायर पिकलेल्या अंजिरासारखा दबे.

"टायर दगडाशी भांडत नसतो," तो हूरियाला समजावू लागला. "मिठी मारून चढतो."

"बघा हो, रबराला शिकवली मिठी," हूरिया म्हणाली. "आम्हाला नाही कधी."

टायर घेऊन तो चिटणीस नदीरकडे गेला. नदीरने टाकाऊ असल्याच्या दाखल्यासाठीचा अर्ज क्रमांक चार पुढे केला.

"हाजी, ही ट्यूब कुणाची?" (झुबीर हजला गेलेला नाही, पांढऱ्या दाढीला ही पदवी इकडे फुकट मिळते.)

"माझ्याच दुकानातली. वीस वर्षं खुंटीला होती."

"खुंटीला? म्हणजे फेकली नव्हती?"

"फेकायची कशाला? चांगली होती की!"

नदीर मनापासून हळहळला. "मग ती टाकाऊ कशी, हाजी? ती तर जपून ठेवलेली वस्तू झाली. नियम बघा ना. वस्तू कुणी फेकली, कधी फेकली, आणि ती मनापासून फेकली का. खाली दोन साक्षीदार."

नियम कडक होता, पण इतर सभासदांना जड गेला नाही. औषधवाल्या कमालने सायकलच्या कोऱ्या ट्यूबा आणल्या, शेजाऱ्यांदेखत इमारतीखालच्या डब्यात टाकल्या आणि अकरा मिनिटांनी बाहेर काढल्या. डॉक्टरांनी बायकोच्या नव्या चपला फेकल्या. तिने मनापासून केलेली आरडाओरड साक्ष म्हणून नोंदवण्यात आली. मंडळाच्या अहवालानुसार सहा महिन्यांत एकशे बारा किलो कचरा वाचला. पैकी एकशे नऊ किलो त्यासाठीच नवा आणला होता (उरलेले तीन किलो अर्ज).

"तुम्हीही टाका आणि उचला," नदीरने सुचवलं.

हूरियाचा आनंद गगनात मावेना. "अठ्ठावीस वर्षं मी काय सांगतेय? फेका! तेव्हा कान बंद!"

झुबीर चारही टायर घेऊन खाली डब्यापाशी गेला. दोन शेजारी साक्षीला आले, एकाच्या काखेत गरम पाव. झुबीरने हात डब्यावर धरला. डब्यात माशांची डोकी होती. त्याने हात मागे घेतला, परत पुढे केला. पाव गार झाला.

"हाजी, सोडा की! अकरा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"नाही होत माझ्याच्याने," झुबीर म्हणाला आणि टायर छातीशी धरून जिना चढला. हूरियाने दार उघडलं, त्याचं तोंड पाहिलं, आणि त्या दिवशी ती 'फेका' म्हणाली नाही.

स्पर्धेत त्याला 'केवळ प्रदर्शनार्थ' भाग घेऊ देण्यात आला. सर्वांत उभ्या खडकाचं नाव सासू. आजवर तिचं मन कुणालाच जिंकता आलेलं नव्हतं. दहा गाड्या गेल्या, दहाही घसरल्या. कमालचा एक टायर निखळून थेट दरीत गेला (निसर्गाला परत). मग झुबीरची गाडी निघाली. टायर दगडाच्या कडेवर दुमडायचा, पकडायचा, थांबायचा, आणि गाडी बोटभर वर उचलायचा. गाडी माथ्यावर टेकली.

"अगं बाई, चढली की!" हूरिया ओरडली. एकटीच.

पंचांनी नोंद केली : 'माथ्यावर एक अनधिकृत वस्तू आढळली.' पहिलं बक्षीस डॉक्टर बेनकारांना, निर्दोष कागदपत्रांसाठी. दाखला नसल्यामुळे झुबीरचं सभासदत्व त्याच दिवशी रद्द झालं.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर मागच्या जिन्याने झुबीरकडे आले. "हाजी, बोलू नका कुठे. माझेही चार करून द्या." मग कमाल आला. मग नदीर. असे दहाही.

"त्यांना लाज नाही, आणि तुम्हाला अक्कल," हूरिया चहा ओतत म्हणाली.

"काम आहे ना हाताला," झुबीर म्हणाला, आणि ब्लेड उचललं.

शरद ऋतूतल्या स्पर्धेत दहाच्या दहा गाड्या सासूवर चढल्या. प्रत्येक टायरला अकरा मिनिटं डब्यात पडल्याचा दाखला होता. झुबीर प्रेक्षकांत, दोराच्या पलीकडे उभा होता. भाषणात डॉक्टरांनी या यशाचं श्रेय 'आपल्या अज्ञात पूर्वजांच्या कारागिरीला' दिलं. झुबीरने मागे वळून पाहिलं, पूर्वज कुठे दिसतात का म्हणून.

तिथे शंभरेक माणसं होती. टायर कुणी केले हे त्यांतल्या एकूणएकाला ठाऊक होतं. तरी टाळ्या अशा एकदम पडल्या की एक हात मागे राहिला नाही.

वाचकहो, तुम्ही तिथे असतात तर गप्प बसला नसतात, याची मला खात्री आहे. घरी जाताना वाटेत त्या शंभर जणांनीही स्वतःबद्दल मला हेच सांगितलं.